बंद होईपर्यंतचा वेळ

सोमवार, ३

एकदाचा मुक्काम सासुरवाडीला हलला. आमच्या ऑफिसची शाखा बंद पडली, भाड्याची जागा सोडावी लागली, आणि बायको नको नको म्हणत असताना मीच हट्ट धरला की तुझ्या आईवडिलांचं एवढं घर असताना दुसरीकडे राहायचं कशाला? लग्नाला चार वर्षं झाली, पण तिने मला इथे कधी जेवणापुरतंही नीट टेकू दिलं नव्हतं. सामान लावताना तिने पुन्हा बजावलं, एकच महिना. मी म्हटलं, बरं. घरजावई म्हणून लोक हसले तर हसोत, जेवण तर गरम मिळतंय.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि हवेशीर आहे. मधे लांब पॅसेज. एका टोकाला सासऱ्यांची कामाची खोली, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाहेरचं दार. मधल्या दोन खोल्या समोरासमोर, एक त्यांची, एक आमची. सासरे घरीच कॉम्प्युटरवर कारखान्यांसाठी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करतात. माणूस लोण्याहून मऊ. मला जावईबापू म्हणतात आणि पाण्याचा पेला स्वतः उठून आणून देतात. त्यांना घर मोकळं लागतं. खुर्चीतून मान वळवली की सगळी दारं उघडी दिसली पाहिजेत. कुणी दार लोटलं की काम टाकून येतात आणि विचारतात, बरं नाही का?

दारं मात्र अजब आहेत. आतून दोन-दोन कड्या, आणि खालच्या अर्ध्या भागाला जाड पत्रा ठोकलेला. सासूबाई म्हणाल्या, उंदरांसाठी. सुऱ्या कपाटात कुलपात असतात. भाजी चिरायची म्हटली की त्या किल्ली घेऊन निघतात. मी म्हटलं, आई, दागिने कुठे ठेवता मग, ओट्यावर? त्या हसल्या नाहीत. आमच्या विनोदाला इथे अजून भाव नाही.

बुधवार, ५

सासऱ्यांचा कॉम्प्युटर बघून माझा जीव कासावीस होतो. सकाळी बटण दाबतात, मग मी अंघोळ करतो, चहा पितो, पेपर वाचतो, आणि पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे. सासरे हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. समोरून हात हलवला तरी पापणी लवत नाही. नेमकं तेव्हाच सासूबाई त्यांच्या खोलीत शिरून गादी उचकटतात आणि टॉवेलखाली काहीतरी झाकून बाहेर नेतात. आज टॉवेलमधून लाटणं डोकावत होतं.

संध्याकाळी बंद करतानाही तीच रडकथा. सासरे काम संपवून बंदचं बटण दाबतात आणि पडदा काळा होईपर्यंत तसेच बसून राहतात. तेवढ्या वेळात या मायलेकींची कोण लगबग! स्वयंपाकघर आवरतं, सुऱ्या कुलपात जातात, सासूबाई त्यांच्या खोलीत, आम्ही आमच्या, दोन्ही कड्या बंद. ही म्हणे या घरची विश्रांतीची वेळ. बायको रेडिओ मोठ्याने लावते. बाहेर ठोकाठोक ऐकू येते, तर म्हणाली, बाबांना सुतारकामाचा नाद आहे. हक्काचा एकांत मिळतोय म्हटल्यावर मी जास्त चौकशी केली नाही.

शनिवार, ८

आज राहवलं नाही. बायकोने बजावलं होतं की बाबांच्या मशीनला हात लावू नकोस, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं करू नकोस. पण माणूस आयुष्याचा एवढा वेळ चक्र बघण्यात घालवतो, आणि ज्याला हे काम येतं तो जावई घरात बसून पोळ्या मोडतो, हे काही बरं नाही. ती कामावर गेली होती आणि सासरे जेवून झोपले होते, तेवढ्यात बसलो.

आत नुसता गोंधळ. मशीन सुरू झालं की आपोआप उठणारे ढीगभर प्रोग्राम, सकाळी एकाच न्हाणीघरापुढे रांग लावणाऱ्या पाहुण्यांसारखे. कधीच मोडीत गेलेल्या प्रिंटरचा एक. हवामान सांगणारा एक, खिडकी दोन हातांवर असताना. व्हायरस पकडणारे तीन, तेही एकमेकांनाच पकडत बसलेले. सगळ्यांना रजा दिली, साठलेला कचरा काढला. आता बटण दाबून चष्मा पुसेपर्यंत मशीन तयार. कुणाला सांगितलं नाही. उद्या सकाळी बघू, सासऱ्यांचा चेहरा कसा होतो ते.

रविवार, ९

सासऱ्यांनी मला मिठीच मारली. लहान मुलासारखे उठले आणि सासूबाईंना सांगायला धावत खोलीत गेले.

मग आतून ओरडण्याचा आवाज आला. सासूबाईंची उजव्या हाताची दोन बोटं मोडली. दारात सापडली म्हणाल्या. सासरे रडवेले होऊन पट्टी बांधत होते, पुन्हा पुन्हा विचारत होते, अगं, बघून नाही का दार लावायचं? गादी अर्धी पलटलेली होती आणि इस्त्री जमिनीवर पडली होती. बायको आईला डॉक्टरकडे घेऊन गेली.

त्या गेल्यावर सासरे म्हणाले, जावईबापू, बंद व्हायलाही फार छळतो हो तो. त्यांचं मन रमावं म्हणून लगेच तेही केलं. बंद होताना दोन जुने प्रोग्राम अडून बसत आणि मशीन त्यांची मनधरणी करत राही. ते काढूनच टाकले. सासरे मागे उभे राहून बघत होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

सोमवार, १०

कालचं लिहितो. लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

त्या दोघी परत आल्या तेव्हा सासरे काम संपवतच होते. त्यांनी बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. लगेच. बायको पॅसेजमध्ये चप्पल काढत होती. तिने तो काळा पडदा पाहिला आणि आमच्या दारात उभ्या असलेल्या मला असं आत ढकललं की मी पलंगावर आदळलो. मग कड्या लावल्या, दोन्ही. सासूबाई बाहेर राहिल्या.

दाराच्या फटीतून पाहिलं. सासऱ्यांनी टॉवेल टांगायची लोखंडी नळी भिंतीतून उपटली होती. चेहरा त्यांचाच होता, पण त्यात कुणीच नव्हतं. पहिला फटका खांद्यावर बसला. त्या पडल्या. मग पाठीवर, पुन्हा पाठीवर, पट्टी बांधलेल्या हातावर. त्या ओरडल्या नाहीत, पाय पोटाशी घेऊन पडून राहिल्या, कसं पडायचं ते ठाऊक असल्यासारख्या. मी कडीला हात घातला तर बायको माझ्या मनगटाला कडकडून चावली. मग नळी आमच्या दारावर आली. तो पत्रा उंदरांसाठी नाही.

थोड्या वेळाने सगळं शांत झालं. नळाचं पाणी वाहिलं. मग सासऱ्यांचा आवाज, घाबरलेला, अहो, कुणी तरी या, ही पडली आहे, रक्त येतंय. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मंगळवार, ११

बायकोने सगळं सांगितलं. ती शाळेत असल्यापासून हे असंच आहे. काम संपलं की होतं, मग उतरतं. औषधं दिली तर दिवसभर झोपत, काम सुटलं, आणि ते येणं काही थांबलं नाही. हाती लागेल ते गादीखाली लपवतात. काढताना दिसलं कुणी, की दिवसाही तेच. एकट्या त्या चक्राने त्यांना धरून ठेवलं होतं. त्याच्याकडे बघता बघता ते सुन्न होत, आणि तेवढ्या वेळात दारं लागत. हा कॉम्प्युटर सासूबाईंनी कधी बदलू दिला नाही, आणि मी एका दुपारी—

मी विचारलं, आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, "तू बाबांकडे साधा, भला माणूस म्हणून बघायचास, तसं बघणारं आणखी कुणीच नव्हतं रे. ते मला घालवायचं नव्हतं."

आज आधीच दारं लावून बसलो. सासरे काम टाकून विचारायला आले. बरं नाही का? उघडा की. उघडा. आवाज चढत गेला. आमच्या दाराची वरची फळी फुटली.

बुधवार, १२

मशीन पुन्हा मंद करायचं म्हणून गेलो. सासरे जवळही येऊ देईनात, दुपारची डुलकीसुद्धा आता त्याच खुर्चीत घेतात. खूश आहेत. म्हणाले, "इतकी वर्षं त्या चक्राकडे बघत बसलो, जावईबापू. आता बसून राहायचं कारणच उरलं नाही."

मला पोलिसांना बोलवायचं आहे. सासूबाई हात जोडतात. ते घेऊन जातील आणि यांना कळणारही नाही की कशासाठी, असं म्हणतात. त्यांना धड बसता येत नाही. हे सगळं माझ्या शहाणपणामुळे. मला स्वतःची शिसारी येते.

शुक्रवार, १४

काल माझी पाळी होती. सासूबाईंना आत ओढलं, मी मागे राहिलो. नळी नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याआधी ऐकू आला. नंतर सासऱ्यांनीच मला खांदा देऊन जिना उतरवला. डॉक्टरला सांगितलं, पडलो. सासरे दवाखान्यात माझे केस मागे सारत होते.

पाय प्लास्टरमध्ये. उठता येत नाही. आज संध्याकाळी त्या दोघींनी बटणावर नजर ठेवून दारं लावली. जेमतेम. सासूबाईंच्या दंडाची कातडी दारात—

शनिवार, १५

ठरलं. सासूबाई तयार झाल्या. बायकोच्या मैत्रिणीची खोली रिकामी आहे. उद्या संध्याकाळी किल्ली मिळणार, परवा सकाळी गाडी. म्हणजे आजची संध्याकाळ आणि उद्याची. मग संपलं.

आजची गेली. नळी वाकली आहे. आता हातोडी. कुठून आणली, कुणास ठाऊक.

रविवार, १६

आज दुपारी सासरे एकदाचे त्यांच्या खोलीत जाऊन झोपले, तेव्हा बायकोने मला खुर्चीवर बसवून ढकलत नेलं. काढलेलं सगळं परत घातलं, वर आणखी दहा अडेलतट्टू. बंद करून पाहिलं. चक्र फिरतंय, फिरतंय. पहिल्यापेक्षाही मंद. बायकोने माझ्या डोक्यावर हनुवटी टेकली. मी रडलो, लाज वाटली नाही.

संध्याकाळ. ती किल्ली आणायला गेली आहे. सासूबाई स्वयंपाकघरात सुऱ्या गोळा करतायत. जाताना माझं दार लावणार आहेत. पलंगावरून पॅसेजमधून सासऱ्यांचा पडदा दिसतो.

बटण दाबलं. चक्र सुरू. किती सावकाश फिरतंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास—

खुर्चीची पाठ दिसते. पाठीवरून डोकं दिसायला हवं.

खुर्ची रिकामी आहे.

चक्र फिरतंय आणि खुर्ची रिकामी आहे. ते बसलेच नाहीत. आता बसायची सवयच—

पावलं माझ्या दारावरून पुढे गेली. स्वयंपाकघराकडे. मी हाका मारतोय. सासूबाईंचा आवाज, अगदी शांत, समजावणारा. "अहो, तो अजून बंद व्हायचाय. बसा ना थोडं. अहो—"

काहीतरी ओलं. पुन्हा. पुन्हा.

थांबलं. नळ नाही वाजला. अजून उतरलेलं नाही—

जिन्यावर चपला. ती आली. ओरडतोय, नको, वर येऊ नको, पण ती हाक समजून धावतच—

पलंगावरून खाली पडलो, उंबऱ्याशी आलो. कुलपात तिची किल्ली. ते बाहेरच्या दाराआड उभे आहेत. इथून त्यांचा हात दिसतो, वर उचललेला. सरपटतो—

दार उघ