नेओमानं मान धरली

प्रिय एगोदी,

आधी नातीची बातमी देते, मग बाकीचं. नेओमानं मान धरली. परवा सकाळी तिला चटईवर पालथी घातली, तर बाईनं डोकं उचललं, सरळ ठेवलं आणि दाराकडे बघायला लागली, शाळेत उशिरा आलेल्या पोरांकडे मास्तरीण बघते तशी. कुणासारखी ते तुला मी सांगायला नको. मी एकटीच टाळ्या पिटत बसले. शेजारची एबुकाची आई हातात लाटणं घेऊन धावत आली, म्हणाली, "काय झालं, साप निघाला का?" म्हटलं, "साप नाही गं, मान! आमच्या पोरीनं मान धरली!" ती म्हणाली, "मग ओरडायचं कशाला एवढं, सगळ्यांचीच पोरं धरतात." तिची पाच पोरं झालीत ना, तिला काय त्याचं!

मी फोन केला की तू "हॅलो" म्हणतेस, माझा आवाज ओळखतेस आणि ठेवून देतेस. पत्र काही असं ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. युद्धात आपली शाळा बंद पडली ती दोघींची पडलीच. पण हे पत्र तुमच्या चर्चमधल्या बाईकडून वाचून घेऊ नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. अक्षरं लावत लावत तूच वाच. कोनफळांचा ट्रक तुमच्या गावाला जातो, त्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. आणि विहीण म्हणून लिहीत नाहीये हो. बाजारात आपली दुकानं खेटून असायची, माझी पामच्या बियांच्या काळ्या तेलाची पिंपं आणि तुझी सुकी मासळी, त्या वेळच्या ओयिदियाचं पत्र आहे असं समज.

तर आंघोळीचं सांगते. आमच्याकडे नेओमाच्या आंघोळीवरून जी पंचायत बसली, ती अजून उठलेली नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, ओल्या फडक्यानं पुसा, जास्त पाणी नको. मी तसं पुसते. जेवणाचं टेबल पुसावं तसं बाळाला पुसायचं, माझं मन काही मानत नाही, पण पुसते. मग माझ्या अझुकाच्या कंपनीतल्या कुणीतरी लागोसहून गुलाबी टब पाठवला, त्याच्यावर बदक. माझा लेक जिथं तिथं त्या बदकाची बाजू घेतो. "आई, हल्ली सगळे ह्यातच घालतात." मी म्हटलं, "बदकाला घाल मग." आणि एबुकाची आई रोज भिंतीपलीकडून ओरडते, "कढत पाणी घ्या, पायांवर घ्या, तेल चोळा, हात ओढा, पाय ओढा! पोरगी मोठी झाल्यावर घामाचा वास मारेल, मग लोक कुणाला नावं ठेवतील? तुम्हालाच!" तिघांनाही माझं एकच उत्तर असतं, हा निवाडा माझा नाही. बाळाला कसं न्हाऊ घालायचं ते बाळाच्या आईची आई ठरवते. मी बापाची आई. ओमुग्वोला बाळंतिणीची आई येऊन राहते, त्या महिन्यांत मी फक्त चूल फुंकायची, बाळंतिणीचं तिखट सूप जळू द्यायचं नाही आणि बाहेर बसून आल्यागेल्यांकडून कौतुक ऐकून घ्यायचं. सूप प्यायला बाळंतीण नाही, तरी पहिले काही दिवस मी सवयीनं पातेलं चढवत होते. अझुकानं एकदा नुसतं बघितलं माझ्याकडे. तेव्हापासून नाही चढवलं.

वासावरून आठवलं. आपल्या बाजारात तो उंच हमाल होता बघ, पोती घेऊन गेला की मागून माशासुद्धा उठायच्या. तू एकदा भर बाजारात विचारलंस, "अरे, लहानपणी तुला आंघोळ कुणी घातली? नाव सांग तिचं, जाऊन जाब विचारते!" तो पोतं न उतरवताच म्हणाला, "आजीनं घातली, काकू. पण तीही तुमच्यासारखीच बडबडी होती, बोलता बोलता अर्धं अंग राहून गेलं!" सगळा बाजार हसला, आणि सगळ्यांत जास्त तू. एगोदी, तुझं ते हसू मला फार आठवतं. आता हसायचं म्हटलं की मलाही चोरी केल्यासारखं वाटतं. नेओमा झोपेत ओठ मुडपून हसते, माझं काळीज लोण्यासारखं होतं, आणि लगेच मान खाली जाते. अंगणात पुरलेल्या तुझ्या उजूवरची माती अजून बसलेली नाही, आणि मी इथं नातीच्या गालावर भाळून बसले आहे. पण काय करू? एवढुसा जीव आहे, तिच्यासमोर कुणी आनंदानं हसलंच नाही तर तिला हसायला कोण शिकवेल?

उजू झाली तेव्हा तुझ्या आईनं तिला न्हाऊ घातलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या अंगणातल्या त्या बुटक्या स्टुलावर म्हातारी पाय पसरून बसली होती. कढत फडक्यानं डोक्याला शेक देऊन डोकं कसं गोल केलं! माझ्याच पिंपातलं काळं तेल, थेंबही वाया घालवला नाही. आणि मग शेवटी काखेत दोन्ही हात घालून तिला वर उडवलं. हातभर नाही, चार बोटं. उडवलं, झेललं. उडवलं, झेललं. तू दाराशी उभी राहून म्हणालीस, "आई, पुरे!" म्हातारी म्हणाली, "पुरे कसं? आत्ता हवेत सोडून झेललं नाही, तर पोरगी जन्मभर दचकत राहील." आणि खरंच, उजू कशाला दचकली सांग? पुराच्या ओढ्यातून शाळेत शिकवायला जायची. मोठ्या मास्तरांना तोंडावर म्हणायची, साहेब, तुमचं गणित चुकलं.

ती फक्त ह्या एकाच गोष्टीला भ्यायली. तुम्हा मायलेकींचा तो फोन झाला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसून भुईमूग सोलत होते, हे तुला माहीत नव्हतं. पोट इतकं पुढं आलेलं, की स्पीकर लावून फोन पोटावर ठेवला होता आणि मोठ्या आवाजात बोलत होती. "आई, तेल चोळ, पाय ओढ, कढत पाणी घाल, सगळं तुझ्या मनासारखं. पण माझ्या बाळाला वर उडवायचं नाही." तू म्हणालीस, "मग तू एवढी धीट कशी झालीस? उडवली म्हणूनच ना?" ती म्हणाली, "धीट झाले म्हणूनच तर तुला नाही म्हणते आहे!" मला हसू आवरेना, शेंगा मांडीवरून सांडल्या. पण तुम्ही दोघी एका मातीच्या. आवाज चढत गेले. शेवटी ती म्हणाली, "उडवायचंच असेल तर येऊ नकोस." तू म्हणालीस, "बरं, नाही येत." आणि फोन बंद.

आणि तरी तू आलीस. सुकी मासळी, मसाल्याच्या बिया, काळ्या तेलाची बाटली, नवं लुगडं, सगळं त्या चौकड्यांच्या पिशवीत भरून आलीस. फाटकाच्या आत बाकं मांडलेली पाहिलीस, बाकांवर गप्प बसलेल्या बायका पाहिल्यास आणि पिशवी न उतरवता तशीच उभी राहिलीस. माती दिल्यावर मी बाळाला घेऊन तुझ्याकडे आले, तर तू हात मागे घेतलेस. म्हणालीस, "ती म्हणाली होती, येऊ नकोस. मी ऐकलं नाही. मी निघाले आणि माझी पोरगी गेली." मी सांगायला तोंड उघडलं, तर तू कान झाकून घेतलेस. तुझ्या भावजया तुला धरून गाडीकडे घेऊन गेल्या. पिशवीही गेली. नातीचं तोंड तू अजून पाहिलेलं नाहीस.

एगोदी, ती दचकते गं. दार आपटलं, पातेल्याचं झाकण पडलं, एबुकाच्या आईनं भिंतीपलीकडून हाक मारली, की दोन्ही हात वर फेकते, बोटं पसरते, हवेत काहीतरी धरायला शोधते आणि मग रडते. अझुका म्हणतो, "सगळीच बाळं असं करतात, आई, नर्सनं सांगितलंय." असेल. पण ते पसरलेले हात पाहिले की मला राहवत नाही. परवा मला वाटलं, आपणच उडवावं. तेल लावलं, काखेत हात घातले आणि तशीच बसून राहिले. हात उचलेनात. दुखत नव्हते. ते काम ह्या हातांचं नव्हतं, एवढंच. पोरीला पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि खांद्यावर घेतली.

आता जे तुला फोनवर आणि त्या दिवशी अंगणात सांगायचं राहिलं, ते सांगते. ह्यासाठीच हे पत्र. कळा सुरू झाल्यावर आम्ही टॅक्सीनं दवाखान्यात निघालो. उजूनं माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली. मी विचारलं, "आईला फोन लावू का?" ती म्हणाली, "नको मावशी, ती ट्रकमध्ये बसून निघाली असेल. 'नाही येत' म्हणाली ना, म्हणजे नक्की येते. मी तिची पोरगी आहे, मला कळतं." एक कळ आली, गेली. मग तो घामेजलेला चेहरा माझ्याकडे वळवून हसली. म्हणाली, "आली की सांगा तिला, उडव म्हणावं. पण बाळानं मान धरल्यावर, त्याआधी नाही. मी काही बघणार नाही, मी आत डोळे मिटून बसेन. तुम्ही मात्र खाली हात पसरून उभ्या राहा हं, मावशी." एवढंच. त्यानंतर दवाखान्याचं दार आलं. तिनं तुला बोलावलं होतं, एगोदी, आणि तू निघाली आहेस हे तिला ठाऊक होतं. नेओमानं मान धरली आहे. बुटकं स्टूल मी धुऊन अंगणात ठेवलंय, आणि काळं तेल तुझ्या पिशवीतलंच आण, माझं तुला कधी पसंत पडत नाही. उजू आत डोळे मिटून बसली आहे. तू ये आणि पोरीला उडव. मी खाली हात पसरून उभी राहते.

तुझीच,
ओयिदिया