पाटीवरचा एक शिंपला

प्रिय अहो,

मी मजेत आहे. खोली उबदार आहे.

वीजकेंद्राची यंत्रं गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपांत शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी सतत क्लोरीन सोडायचे. ते पाणी पुढे खाडीत गेलं की मासे मरायचे. आम्ही थोडंच, थांबून थांबून सोडतो. शिंपले धरतात का ते बघायला पाण्यात टांगलेली पाटी महिनाभराने स्वच्छ निघाली, की मी घरी येणार होते.

काल पाटीवर एक शिंपला निघाला, मुगाएवढा. फोरमन म्हणाला, "मॅडम, नखानं खरवडा आणि सुटा. मी काही बघितलं नाही." हात पुढे गेलाही होता. पण उद्या पाइप तुंबले तर पुन्हा जुनंच सुरू होईल. वहीत ‘एक’ लिहिलं. म्हणजे आणखी एक महिना.

मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका. पत्र सूनबाईकडून वाचून घ्या. शेवटची ओळ तेवढी तुम्ही वाचा, मोठ्या अक्षरात लिहिली आहे.

करमत नाही हो.

तुमचीच