चावडीस एक खोली वाढवून मिळणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, कर्जत,
जिल्हा अहमदनगर.

अर्जदार : सौ. मनकर्णा श्रीमंत तोरडमल, वय अंदाजे ४८, धंदा शेती, सध्या दुष्काळी कामावर खडी फोडणे. सदस्य, ग्रामपंचायत धामणखडी.

विषय : चावडीस बसण्यासाठी एक खोली वाढवून मिळणेबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायत सभेच्या नोटिसा, एकूण चार. (चारही नोटिसांत सभेचे ठिकाण निरनिराळे.)

महोदय,

१. खोली एकच मागायची असून अर्ज लांबला आहे, याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु मागची हकिकत सांगितल्याशिवाय खोली का लागते हे साहेबांच्या ध्यानात येणार नाही.

२. इंग्रज अमदानीत अर्जदाराच्या सासूबाई चावडीवरून जाताना चपला हातात घेत. स्वराज्य आल्यावर चपला पायात राहिल्या, पण पदर डोळ्यांपर्यंत आला. पुढे मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला. त्या सुमारास गावात साक्षरतेचा वर्ग निघाला व अर्जदार लिहावाचायला शिकली. मात्र चावडीची पायरी ती कधी चढली नव्हती, कारण तिथे तिचे काही काम आहे असे तिला कोणी सांगितले नव्हते.

३. काम होते. गेल्या निवडणुकीत कायद्याने बायकांसाठी ठेवलेल्या दोन जागांपैकी एका जागेवर अर्जदार बिनविरोध निवडून आली होती. यजमानांनी रेशनकार्डाचा कागद म्हणून तिची सही घेतली होती. कागदाची घडी घातलेली होती, सहीपुरती जागा तेवढी उघडी.

४. गेल्या उन्हाळ्यात ग्रामसेवक भाऊसाहेब सही घेण्यासाठी ठरावाचे बुक घरी ठेवून गेले. यजमान बाहेर होते. अर्जदाराने बुक उघडून वाचले. त्यात लिहिले होते की, नवीन सार्वजनिक विहीर खालच्या वस्तीत न घेता चावडीमागे घ्यावी, असा ठराव सौ. मनकर्णाबाई यांनी मांडला व तो मंजूर झाला. अर्जदार खालच्या वस्तीतच राहते. पाण्यासाठी ती तेव्हा रोज दीड मैल जाई व दीड मैल येई.

५. यजमान घरी आल्यावर तिने विचारले, "ह्यो ठराव म्या कवा मांडला?"

यजमान श्रीमंतराव शांत स्वभावाचे आहेत. ते म्हणाले, "तू न्हाई, मी मांडला. सरपंच आबासाहेब म्हणले, मांडा, मांडला. नाव तुझं हुतं. एका घरात दोन इचार कशाला?"

"बरं," असे म्हणून अर्जदाराने एक ताट वाढून घेतले व ती यजमानांसमोर बसून जेवली. ते आपल्या ताटाची वाट पाहत राहिले. "तुमच्या नावानं जेवले," ती म्हणाली. "एका घरात दोन पोटं कशाला?" नंतर तिने त्यांना वाढले, पण भाकरी गार झाल्यावर.

६. पुढच्या सभेस अर्जदार स्वतः चावडीत गेली. सरपंच आबासाहेब मोठ्या अदबीने उठून उभे राहिले व म्हणाले, "वहिनी, तुमी आलात, लई बरं वाटलं. पण बाईमाणसाला बसायजोगी जागाच न्हाई हितं. उभं ठेवणं बरं दिसायचं न्हाई." असे म्हणून त्यांनी सभाच तहकूब केली. दुसऱ्या सभेस अर्जदार बसायला घरून पोते घेऊन गेली. चावडीस कुलूप होते. सभा तालमीत भरल्याची नोटीस दारावर लावलेली होती. तालमीत बायका जात नाहीत, म्हणून ती दाराशी उभी राहिली. सदस्य तासाभराने बाहेर आले, तेव्हा सर्वांच्या धोतरांना मागून तांबडी माती लागलेली होती. त्या दिवशी एकही ठराव झाला नाही, असे बुकावरून दिसते.

७. तिसऱ्या नोटिशीत ठिकाण सरपंचांचा मळा होते, पण ती सभा होऊन गेल्यावर हाती पडली. चौथ्या नोटिशीत ठिकाण लिहिले होते, "सरपंचांचा ट्रॅक्टर, मिरजगाव बाजारास जाताना." ग्रामपंचायतीची सभा चालत्या ट्रॉलीत भरवण्याचा हा तालुक्यातील पहिलाच प्रसंग असावा. अर्जदार रतनबाईंकडे गेली. रतनबाई दुसऱ्या राखीव जागेवरील सदस्य. त्यांनाही आपण सदस्य असल्याचे अर्जदाराकडूनच कळले होते. दोघी टोपल्या डोक्यावर घेऊन फाट्यावर उभ्या राहिल्या. बाजाराला निघालेल्या बाईला ट्रॉलीत घ्यायचे नाही, अशी रीत आमच्या भागात नाही. ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. दोघी वर चढल्या, पोते अंथरले व बसल्या.

८. गाडी चालू झाली. मग भाऊसाहेबांनी हिसक्यांतून तोल सावरत मागील ठराव वाचला. अर्जदार म्हणाली, "ह्यो ठराव बुकात माझ्या नावावर हाय ना? मग माझा ठराव मी माघारी घेते."

आबासाहेब म्हणाले, "आसं घेता येत न्हाई."

भाऊसाहेब नोकरीस जपून राहणारे गृहस्थ आहेत. पण त्या दिवशी ते बुकाकडे पाहून म्हणाले, "सभेनं मान्य केलं तर येतं."

मतास टाकले. अर्जदार, रतनबाई व खालच्या वस्तीचे दोन सदस्य असे चार हात माघारीच्या बाजूने वर झाले. विरोधात सरपंच व त्यांच्याकडचे दोन सदस्य, आणि चौथा हात श्रीमंतरावांचा. भाऊसाहेबांनी विचारले, "श्रीमंतराव, तुमी कुणाच्या वतीनं?" यजमानांनी आपल्या हाताकडे पाहिले, मग बायकोकडे पाहिले, आणि हात खाली घेऊन टोपी सारखी केली. चार विरुद्ध तीन मतांनी ठराव माघारी गेला व विहीर मूळच्या बेताप्रमाणे खालच्या वस्तीत घेण्याचे ठरले. तोवर मिरजगाव आले होते.

९. विहिरीस कार्तिक महिन्यात पाणी लागले. दुष्काळाच्या मानाने पाणी बरे आहे. पहिल्या दिवशी अर्जदाराने दोन हंडे भरून घरी आणले, तरी सकाळ संपली नव्हती. उरलेल्या वेळाचे काय करावे हे तिला सुचेना. ती उंबऱ्याशी नुसतीच बसून राहिली. असे ती लग्नापासून बसली नव्हती. श्रीमंतरावांनी विचारले, "बरं न्हाई का?" ती म्हणाली, "बरं हाय. म्हनूनच बसले."

१०. तेव्हापासून सभा पुन्हा चावडीत भरते. मात्र आता खालच्या वस्तीतील बायका, ज्यांना सकाळी वेळ मिळू लागला आहे, त्या सभा ऐकण्यास येतात. प्रथम तिघी आल्या, मग नऊ, गेल्या सभेस सतरा. त्या मध्ये बोलत नाहीत. पण ठराव वाचून झाला की एकमेकींकडे पाहतात, त्यामुळे सदस्यांना तो पुन्हा वाचावासा वाटतो. आबासाहेबांनी यास हरकत घेतली. परंतु ऐकण्यास मनाई करणारे कलम भाऊसाहेबांना दोन दिवस शोधूनही सापडले नाही.

११. चावडी इंग्रजांच्या वेळची असून त्यांनी ती पाटील, कुलकर्णी व चारदोन माणसे एवढ्याच बेताने बांधली होती. आणखी कोणी येईल असे त्यांना वाटले नसावे. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आम्हालाही वाटले नव्हते.

सबब, चावडीस पूर्वेच्या अंगाने एक खोली वाढवून मिळावी, अशी विनंती आहे. दगड दुष्काळी कामावर अर्जदार व इतर बायकांनी फोडलेला भरपूर पडून आहे. सरपंचांचीही या मागणीस मनापासून संमती आहे. गेल्या सभेस त्यांना यायला थोडा उशीर झाला, व त्यांनी सबंध कामकाज चपलांच्या ढिगाशेजारी बसून चालवले.

आपली नम्र,
(सही) मनकर्णा श्रीमंत तोरडमल
मु. धामणखडी, ता. कर्जत
दि. १२ फेब्रुवारी १९७३

अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहून तिला वाचण्यास दिला. तिने दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केले.
आसाराम नेटके, निवृत्त प्राथमिक शिक्षक

सोबत :
१) नोटिसा, चार.
२) संमतिपत्र, सह्या एकोणीस. त्यांत शेवटची श्रीमंतरावांची. कागद पूर्ण उघडून, वाचून केलेली.