कमळाबाईचे धवले आणि बुधाजीचा ओटा

३ डिसेंबर
वहीची माफी. पंधरा दिवस हात लावला नाही. कॉम्प्युटर शिकत होतो.
लेक अंकिता खारघरला, कॉम्प्युटरच्याच नोकरीत. हिच्या, म्हणजे माझ्या कमळाबाईच्या, वर्षश्राद्धाला तिने जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. हिने गावच्या लग्नांत म्हटलेले धवले, लग्नाची गाणी, त्यात, कंटेनर नावाच्या डब्यात आहेत. फोनवर पत्ता टाकला की वाजतात. पत्ता सगळ्या भावकीला दिला. शेजारच्या बुधाजीलाही. हे चुकलं.

४ डिसेंबर, सकाळी
बुधाजीच्या ओट्यावर हिचा आवाज. डोळे मिटून ऐकत होता. चाळीस वर्षं मांडवात हाच पुढे बसायचा. मी वाढप बघायचो. म्हणाला, बलीदादा, वैनीसारका गला नाय कुनाचा. मला माहीत नाही का?
निश्चय : फायरवॉल शिकणे. म्हणजे दारावरचा पहारेकरी. नियम लिहू तेवढ्यांनाच आत सोडतो. अंकिता म्हणाली होती, हात लावू नका. पण सातवीपर्यंत मी गणितात पहिला होतो.

६ डिसेंबर
लावला. सगळ्यांना बंद, फक्त माझा फोन चालू. बुधाजीकडे शांतता. जेवण गोड लागलं.

७ डिसेंबर
तो उरणला लेकीकडे गेला होता. आला. धवला चालू.
आणखी अकरा नियम लिहिले. एकात बुधाजीचं नाव घातलं. कॉम्प्युटर नाव घेत नाही.

९ डिसेंबर
अंकिता फोनवर चिडली. ती खारघरहून यात शिरून दुरुस्ती करायची, आता तिलाच दार बंद. म्हणाली, बाबा, डबा आपली वाट आपणच काढतो, तुमच्या नियमांना विचारत नाही. म्हणजे बुधाजी आत, पोटची पोर बाहेर. मी म्हटलं, मुद्दाम तपासत होतो. म्हणाली, रविवारी येते, तोवर काही दाबू नका.

१० डिसेंबर
डबाच बंद केला. त्यासाठी टाइप करायची ओळ तिने पूर्वी वहीत लिहून दिली होती. ओटा गप्प. जिंकलो.
दुपारी माझ्या फोनवर लावलं. वाजेना. चालू करायची ओळ वहीत नाही. अंकिता फोन उचलत नाही.

१२ डिसेंबर
बुधाजी कुंपणाशी आला. विचारलं, वैनीला काय झाला? मग काय बोललो ते त्यालाच उमगलं. ओट्यावर बसलो दोघं. त्याने धवल्याची पहिली ओळ म्हटली. दुसरी त्याला येईना. माझ्याकडे बघितलं. मी तर वाढपात होतो.
लेकीला मेसेज टाकला : अंकिता, रविवार लांब आहे. डबा चालू कसा करतात ते लवकर कळव. बुधाजी थांबलाय.