शिडी काढावी, फोटो लावू नये

मृत्युपत्र

मी, खाली सही करणार दोधू काशिनाथ शिंपी, वय बहात्तर, धंदा शिवणकाम (आता डोळे देतील तेवढाच), राहणार तळोदा, जिल्हा नंदुरबार, माझ्या पश्चात काय करावं ते या कागदावर लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीर थकलं आहे, पण त्याचा दाखला कोणी मागितला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घरात महिनाभर जो दबाव आहे तो हे लिहू नये म्हणून आहे.

वकीलसाहेबांनी एका पानात सगळं आटोपलं होतं. त्यात घर कोणाला ते होतं, पण का ते नव्हतं. का ते लिहिल्याशिवाय माझा मुलगा ईश्वर ऐकणार नाही. लिहून तरी ऐकेल का, देव जाणे. म्हणून मसुदा घरी आणला आणि माझ्या हाताने पुन्हा लिहायला बसलो.

कलम १. माझी माणसं. माझी पत्नी मीनाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा ईश्वर, तळोद्याहून वर डोंगरातल्या गावांना जीप चालवतो. सून आशा. त्यांची मुलगी जागृती, वरच्या आश्रमशाळेत शिक्षिका आहे आणि दर सोमवारी बापाच्याच जीपने घाट चढते. धाकटा भाऊ गोकुळ शेजारीच राहतो. यांच्याशिवाय माझ्या इस्टेटीवर कोणाचा हक्क नाही.

कलम २. शिवणयंत्र, कात्र्या, टेप, इस्त्री आणि बटणांचे डबे सून आशाला द्यावेत. हे यंत्र घेऊन मी उमेदीची सगळी वर्षं डोंगरातले आठवडे बाजार केले. जीपच्या टपावर यंत्र बांधायचं, आत कोंबून बसायचं, वर बाजारात झाडाखाली दुकान मांडायचं आणि संध्याकाळी परत. आशा कमी बोलते, पण तिच्या हाताला शिस्त आहे. मोठी कात्री कागद कापायला कोणाला देऊ नये, एवढंच तिला सांगणं.

कलम ३. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून आधी घरातली मोरी दुरुस्त करावी. खरबरीत फरशी बसवावी आणि भिंतीला धरायला दांडा लावावा. मी जीपच्या अपघातातून वाचलो (ते कलम ५ मध्ये), त्यानंतर मीनाबाईने घाटाचं तोंड पाहिलं नाही. माहेरच्या लग्नालासुद्धा लांबचा वळसा घेऊन एसटीने गेली. आणि गेली कशी, तर सकाळी अंघोळीचं पाणी काढताना मोरीत पाय घसरून. घाटाला घाबरून आम्ही सगळे सावध झालो होतो, मोरीतलं शेवाळ कोणी घासलं नाही. मला ते अजून सहन होत नाही. उरलेलं ईश्वर आणि आशा यांनी वाटून घ्यावं.

कलम ४. भाऊ गोकुळ याला माझा रेडिओ. त्याने स्वतः बोलण्याऐवजी तो लावावा. मला घाटात कोणीतरी वरच्या वर उचललं असं मीच त्याला दवाखान्यात सांगितलं, ही गोष्ट तो चहाच्या टपरीवर इतकी वर्षं सांगतो आहे. मी तसं काहीही म्हणालो नव्हतो. मी फक्त "आई गं" म्हणालो होतो आणि पाणी मागितलं होतं.

कलम ५. आता त्या दिवसाबद्दल. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात याची गरज नाही. माझ्या मते बाकीच्याचीच गरज कमी आहे.

तेरा वर्षांपूर्वी, होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं सणाला घरी परतत होती आणि तळोद्याच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. जीप दुसऱ्या एका ड्रायव्हरची होती. आत माणसावर माणूस, टपावर माणसं, बोनेटवर दोघं. त्या आठवड्यात माझ्या उजव्या मांडीवर लिंबाएवढं गळू झालं होतं. आत फुलीबाई नावाची ओळखीची बाई बसली होती, तिच्या पोलक्यांचं शिवण माझ्याकडेच असे. तिने सरकून माझ्यासाठी जागा केली. मी बसून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि उठून मागच्या पायरीवर शिडी धरून उभा राहिलो. तिचा नवरा बाज्या याला पायरीवरही जागा मिळाली नाही, तो मागच्या गाडीने येतो म्हणाला.

घाटाच्या पायथ्याशी देवाचा दगड आहे. तिथे गाडी थांबते, माणसं उतरतात, झाडाचा ओला पाला तोडून दगडावर ठेवतात आणि मग वर चढतात. डोंगरातली माणसं ठेवतात तसे आम्ही तळोद्याचे लोकही ठेवतो. त्या दिवशी सगळ्यांनी ठेवला. ड्रायव्हरने ठेवला, फुलीबाईने ठेवला, मी लंगडत जाऊन ठेवला. तिसऱ्या वळणावर गाडी चढता चढता मागे सरकली आणि दरीत गेली. मी करवंदीच्या जाळीत पडलो. माझ्याबरोबर पायरीवर उभा असलेला माणूस त्याच जाळीच्या दोन हात पलीकडे पडला, तिथे खडक होता. फुलीबाई गेली. गाडीतलं दुसरं कोणी वाचलं नाही.

मी वाचलो कसा, तर गळवामुळे पायरीवर होतो. पायरीवरून जाळीतच का पडलो, खडकावर का नाही, ते मला माहीत नाही. गेली तेरा वर्षं मी हेच सांगतो आहे आणि कोणाला ते पसंत नाही. मीनाबाईने माझ्या वाचण्याचं श्रेय तिच्या सोमवारच्या उपासाला दिलं. बायकोशी कोण वाद घालणार? कापडाचे व्यापारी अमरचंदशेठ, ज्यांच्या ओट्यावर मी पावसाळ्यात यंत्र मांडत असे, ते म्हणाले, मागच्या जन्मीचं पुण्य. डोंगरातली माणसं म्हणाली, देवाला माझा पाला पावला. बाजारात लोक पेरणीच्या बियाण्याला माझा हात लावून नेऊ लागले, तापलेली पोरं माझ्या मांडीवर ठेवू लागले, त्याच मांडीवर. अमरचंदशेठनी नातवाच्या नव्या मोटारसायकलला हात लावायला मला बोलावलं. मी म्हटलं, शेठ, पोराला हेल्मेट घालायला सांगा. शेठ हसले. पोरगा हेल्मेट कोपरात अडकवून निघून गेला. मला तेव्हा राग आला होता, आता कंटाळा येतो.

अशाच एका बाजारात, अपघातानंतरच्या दिवाळीत, बाज्या आला. माझ्यापुढे बाया पोरांना घेऊन उभ्या होत्या. तो बाजूला थांबला, गर्दी सरल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "फुलीनी बी पाला ठेवेल व्हता, बाबा."

फुलीनेही पाला ठेवला होता. एवढंच बोलला आणि माझ्या यंत्राजवळ खाली बसला. मी यंत्र फिरवत राहिलो आणि शिवण वाकडी गेली. पाला पावला याचा दाखला म्हणून मी परत आलो होतो. ज्यांना पावला नाही त्यांच्यातलं कोणी बाजारात येऊन सांगणार नव्हतं. ही साधी गोष्ट मला त्या दिवसापर्यंत कळली नव्हती, आणि ती कळवायला बाज्याला त्याची बायको गमवावी लागली. तेव्हापासून आम्ही दोघे दर होळीला ते वळण पायी चढतो. पाला मी अजूनही ठेवतो. देवाशी माझं भांडण नाही.

कलम ६. ईश्वरची जीप. ही त्याने स्वतःच्या हिमतीवर घेतली आहे, तिच्यावर माझा हक्क नाही हे मान्य. पण काचेवर रंगवलेलं "शिंपीबाबा कृपा" हे माझं आहे आणि ते पुसावं. मला पुढच्या सीटवर बसवून नेलं की लोक टपावर न घाबरता चढतात, हे त्याला ठाऊक आहे. मी नको म्हटलं तर त्याचं एकच म्हणणं, "आबा, तुम्ही बसनात म्हंजे लोके बिनघोर बसतस." लोक बिनघोर बसतात, त्याचाच मला घोर आहे.

त्याचं दुसरं म्हणणं खोटं नाही. वर एसटी येते तर येते. तापाने फणफणलेली बाई रस्त्यावर उभी असेल तर गाडी भरली म्हणून तिला सोडून यायचं का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तिला आत घे आणि टपावरच्या धडधाकट माणसांना दुसऱ्या खेपेला ने. दुसरी खेप परवडत नाही म्हणाला. इथे येऊन आमचं बोलणं दर वेळी थांबतं.

या होळीला पायी चढू न देता त्याने मला हात धरून गाडीत बसवलं. जागृती माझ्या शेजारी, शाळेत सणाला पोरं थांबली होती म्हणून निघालेली. टपावर किती होते ते मी पाहिलं नाही, पाहवलं नाही. पायथ्याशी सगळ्यांनी पाला ठेवला. तिसऱ्या वळणावर मागचं चाक रस्ता सोडून गेलं. गाडी कलली, टपावरच्या बाया ओरडल्या, जागृतीने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. मग चाक कशाला तरी अडलं आणि गाडी वर आली. माझ्या नातीच्या तोंडाला रक्त नव्हतं. मला जन्मात एवढी भीती वाटली नाही, जाळीत पडलो तेव्हासुद्धा नाही.

आणि लोकांनी काय केलं? खाली उतरून माझ्या पाया पडले. वर बाजारात माझ्या गळ्यात हार घातला. घरी आल्यावर ईश्वरने गाडीपुढे नारळ फोडला आणि आशाला म्हणाला, "दखं? मन्ही गाडीले काही व्हवाव नही." त्याच्या गाडीला काही होणार नाही म्हणे. दरीच्या काठावरून परत आलो, तर ईश्वरने त्याची पावती फाडून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी टपावर आदल्या दिवसापेक्षा जास्त माणसं होती. पुढच्या सोमवारी आशाने जागृतीला एसटीने पाठवलं. सुनेचं आणि माझं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

कलम ७. म्हणून तळोद्यातलं माझं राहतं घर, ओटा आणि मागच्या कडुनिंबासह, मी ईश्वरला न देता नात जागृतीला देतो. ईश्वर आणि आशाने त्यात शेवटपर्यंत राहावं, पण ईश्वरने आधी जीपच्या मागची शिडी आणि टपावरचा कॅरिअर कापून काढावा. पुन्हा बसवला तर त्याने दुसरीकडे घर बघावं. आशाला ही अट नाही. टपावर माणसं आहेत की नाहीत हे बाज्या सांगेल. त्याचं शेत त्या वळणाच्या वरच आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा टप तो बघतोच, त्याला सांगावं लागत नाही. अशी अट कोर्टात टिकेल का, याची वकीलसाहेबांना शंका आहे. मला ती कोर्टात टिकवायची नाही, ईश्वरच्या डोक्यात टिकवायची आहे.

जागृती, बापावर हे घर उगारू नकोस. फक्त त्याच्या गाडीत बसण्याआधी मान वर करून टप बघत जा. माणूस दिसला तर बसू नकोस, मग बाप कितीही रागावला तरी.

जीपसाठी मी नवी सीट कव्हरं शिवून ठेवली आहेत, पेटीत आहेत. दर माणसाच्या जागेला उभी शिवण घातली आहे. शिवणीच्या मध्ये एकच माणूस बसवावा. माझ्या हातचं हे शेवटचं शिवण, दोन्ही टोकांना दुहेरी टाके आहेत.

कलम ८. माझ्या मरणानंतर जीपमध्ये माझा फोटो लावू नये. हार घालू नये, अगरबत्ती लावू नये. मी जिवंतपणी कोणाला वाचवलं नाही, मेल्यावर ते काम माझ्याकडे देऊ नये. मी बहुतेक अंथरुणातच मरेन, आणि बघा, घाटाने याला हात लावला नाही, असं गोकुळ तिरडीजवळ उभा राहून म्हणेल. त्याला कोणीतरी रेडिओ आणून द्यावा.

कलम ९, शेवटचं. हे फक्त ईश्वरसाठी. बाळा, तुझ्यावर माझा राग नाही. तू हट्टी आहेस, मीही होतो. मला तिरडीवर ठेवण्याआधी अंघोळ घालतील, ती तू स्वतः घाल, दुसऱ्याला घालू देऊ नकोस. उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, रुपयाएवढा व्रण दिसेल. त्यावर हात ठेव. तुझा बाप ज्याच्यामुळे त्या दिवशी आत बसला नाही, ते एवढंच आहे. तुझ्या मांडीवर असलं काही नाही, जागृतीच्याही नाही. हात तिथेच ठेवून ठरव, टपावर माणसं घ्यायची की नाही. मग मला उचल.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलसाहेबांनी सांगितल्यामुळे बाज्याला काही दिलेलं नाही. त्यानेही काही मागितलं नाही, फक्त फुलीचं नाव बरोबर लिहिलं आहे का ते दाखवायला सांगितलं. मी बोट ठेवून दाखवलं.

(सही) दोधू काशिनाथ शिंपी

साक्षीदार:
१. अमरचंद, कापड व्यापारी, तळोदा (सही). ऐकून झाल्यावर शेठनी मोटारसायकलवाल्या नातवाला दुकानातूनच फोन लावला.
२. बाज्या, फुलीबाईचा नवरा, राहणार तिसऱ्या वळणाच्या वर (डाव्या हाताचा अंगठा).

ठिकाण: तळोदा
दिनांक: ९ एप्रिल २०२५