कलकलांचा कंगवा

१३ डिसेंबर, शनिवार

ठरलं! पुढच्या शनिवारी कलकल.

विश्वंभर गुरुजी आधी म्हणाले, "आपल्या शाळेत ख्रिस्ती मूल एक नाही. नाताळचा खाऊ कुणासाठी?" मी म्हटलं, ईदला शीरखुर्मा केला तेव्हा असं विचारलं नव्हतंत. मग हसले. मुख्याध्यापक म्हणून त्यांची अट एकच – केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर काहीतरी गेलं पाहिजे. जाईल की. चांगला व्हिडिओच करते.

डी.एड.ला असताना कोर्लईची फिलू माझ्या खोलीवर होती. नाताळाआधी तिच्या घरी सगळी पोरं ओळीने बसून कलकल करायची. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, साखर. गोटीएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि अलगद गुंडाळायची. रेघारेघांचा शंख तयार. मग तळायचा. कंगवा नवाच, फक्त त्याच कामासाठी ठेवलेला. मला त्या कंगव्याचंच भारी अप्रूप वाटलं होतं.

पालकांच्या ग्रुपवर टाकलं – "शनिवारी प्रत्येकाने एक नवा व स्वच्छ कंगवा आणावा. खाण्याचा पदार्थ करायचा असल्याने स्वच्छतेबाबत तडजोड केली जाणार नाही." शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. बरं वाटलं. बाई झालं की अशी वाक्यं आपोआप सुचतात.

१७ डिसेंबर, बुधवार

सई आणि प्रज्ञा दोघींनी डोकं खाल्लं. कलकल गोड की तिखट, शंख उजवा की डावा! माझी सई माझ्याच वर्गात, तिसरीत. बाईंनी स्वतःची मुलगी झेडपीच्या शाळेत घातली, असं लोक म्हणतात. ऐकायला मला आवडतं, खोटं कशाला बोला. प्रज्ञा तिच्या बाकावरची. दिवसभर दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली. कितीदा वेगळं बसवलं, पाचव्या मिनिटाला परत चिकटतात.

२० डिसेंबर, शनिवार

फार छान झालं! हातांना अजून नारळाच्या दुधाचा वास आहे.

पीठ घरून मळून नेलं होतं. पोषण आहार शिजवणाऱ्या भागुबाईंनी कढई ठेवली. मुलं चटईवर दोन रांगांत. पहिले कलकल म्हणजे नुसत्या अळ्या. मग हात बसले. विहंगने एवढा मोठा केला की तो आतून कच्चाच राहिला. भागुबाई एक तोंडात टाकून म्हणाल्या, "बाई, ह्यो तर शंकरपाळीचा भाऊ दिसतो."

एक लहानसा प्रकार झाला. लिहून ठेवते. प्रज्ञाने डोक्याचाच कंगवा आणला. हिरवा. दात वाकडेतिकडे, रंग विटून पांढरट. मेसेज इतका स्पष्ट असताना! मी तो उचलून म्हटलं, "अगं, हा डोक्याचा ना? ह्याच्यावर खायचं करतात का?" ती काहीतरी सांगायला लागली – "नाही बाई, आईने..." – तेवढ्यात विहंग ओरडला, "उवांचे कलकल!" सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं. क्षणभरच. मग विहंगला दटावलं.

सईने आपला कंगवा पुढे केला, दोघींत एक म्हणून. मी नको म्हटलं. ज्याचा त्याला. नियम म्हणजे नियम. प्रज्ञा हिरमुसू नये म्हणून तिला माझा फोन दिला – तू व्हिडिओ काढ, हे सगळ्यात मोठं काम. तिने काढला. निमूटपणे. चांगला हात आहे तिचा, हलत नाही.

घरी नेण्यासाठी प्रत्येकाला एकेक पुडी बांधून दिली.

२१ डिसेंबर, रविवार

ग्रुपवर नुसते अंगठेच अंगठे. केंद्रप्रमुखांनी लिहिलं – "स्तुत्य उपक्रम." दोन शाळांनी कृती मागितली. नवऱ्याला, सलिलला, दाखवलं तर म्हणाला, "आता बाई ऐकणार नाहीत कुणाचं."

२२ डिसेंबर, सोमवार

प्रज्ञा आली नाही. तिची पुडी खिडकीतच होती, मुंग्या लागलेल्या.

भागुबाईंनी ती उचलली, झटकली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीचा तोंड बघितलाव का बाई तुमी त्या दिवशी? मी बघितला." मी म्हटलं, फोन दिला होता की मी तिला. "व्हय. दिलाव," म्हणाल्या.

भागुबाई एवढं तोंड का चालवतात, कळत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

आजही नाही.

संध्याकाळी सईच्या वेण्या घालताना मानेवर ऊ चालताना दिसली. मग फणी घेऊन बसले. पांढऱ्या कागदावर सात पडल्या. आणि माझ्या तोंडून गेलं – "बघ. आल्या ना त्या कंगव्यातून!"

सई म्हणाली, "आई, त्या दिवाळीच्याच आहेत."

दिवाळीच्याच. ठाण्याला मावशीकडून आणलेल्या. तेव्हा मीच औषध लावलं होतं. दुसऱ्या आठवड्यात परत लावायचं होतं ते कंटाळ्याने राहिलं. आणि, हेही लिहितेच – "शाळेत कुणाला सांगायचं नाही हं, बाईंची मुलगी आहेस," असंही मीच सांगितलं होतं. सगळं आठवत होतं मला. आठवत असून तोंडातून ते वाक्य गेलं.

सई म्हणाली, "प्रज्ञाच्या डोक्यात नव्हत्याच कधी. तिची आई रोज फणी फिरवते. मी सांगू का वर्गात, उवा माझ्या होत्या म्हणून?"

मी म्हटलं, काही नको.

तिने कागदाची घडी केली आणि उठून गेली. नऊ वर्षांची पोर, आणि मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

गुरुजींनी हाक मारली. प्रज्ञाच्या वडिलांचा, रत्नपाल यांचा, फोन आला होता. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला काय काय लागतं, एवढंच विचारलं. कारण सांगितलं नाही. गुरुजी म्हणाले, "पट आधीच कमी. तुमच्या वर्गातलं मूल आहे. उद्या सुट्टी आहे, जाऊन या."

म्हणजे आता जायचं तेही पटासाठी.

घरी येऊन व्हिडिओ पाहिला. आत्तापर्यंत मी त्यात स्वतःलाच बघत होते. आज मुलांकडे बघितलं. सगळी आहेत, प्रज्ञा नाही. कशी असेल, फोन तिच्या हातात. शेवटी फोन जरासा खाली झुकतो, आणि चटईच्या कडेला तिचे दोन पाय दिसतात, एकमेकांवर ठेवलेले. तेवढीच ती आहे त्यात.

आणि आणखी एक दिसलं. विहंगचा कंगवा. काळा, तेलाने चमकणारा, मधले दोन दात तुटलेले. कुणीही सांगेल की घरातला आहे. मी त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसून त्याचा अंगठा धरून शिकवते आहे, आणि कंगव्याकडे माझं लक्षही नाही. विहंग माझ्या चुलतदिराचा मुलगा. आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी.

प्रज्ञाचा कंगवा मी दोन बोटांत धरला होता. हे व्हिडिओत नाही. पण मला आठवतं, कसा धरला होता ते. चिमटीत. बाकी अठरा कंगव्यांतला एकही असा धरला नव्हता.

मी असलं काही मानत नाही, असं आजवर कितीदा म्हटलं असेल. स्टाफरूममध्ये, लग्नात, सासूबाईंशी भांडताना. मानत नाही म्हणणाऱ्या बाईच्या बोटांना मात्र बरोबर कळलं, कुठल्या वाडीतलं मूल आहे ते. लाज वाटते. कुणाला सांगता येणार नाही अशी लाज.

२५ डिसेंबर, गुरुवार

जाऊन आले.

आधी बोर्लीला बाजारात गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं! अल्पेशच्या दुकानात कंगवे मागितले. तो म्हणाला, "हिरवे दोनच ऱ्हायले मॅडम. बाकी सगळे तुमच्या शाळेनेच नेले." दोन्ही घेतले. एक प्रज्ञाला, एक सईला. घरी थोडे कलकल परत तळले होते, त्याची पुडी घेतली.

बौद्धवाडीत मी अकरा वर्षांत दोनदाच गेले आहे, दोन्ही वेळा मतदार यादीच्या कामाला. प्रज्ञाची आई, कल्पिता, घरीच होती. आशा सेविका आहे ती. नुकतीच कुठल्याशा बाळंतिणीकडून आलेली, कामाची पिशवी खांद्यावरच होती. "बसा मॅडम," म्हणाली. घर लख्ख. चहा केला. मी तो पटकन प्यायले. पटकन प्यायले हे माझ्या लक्षात आलं, ह्याचीच पुन्हा लाज वाटली.

काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. सईच्या उवांचंही सांगायचं होतं. प्रत्यक्षात म्हटलं ते असं – "शनिवारी जरा गैरसमज झाला. जुना कंगवा आणला म्हणून काही बिघडत नव्हतं, मीच उगाच बोलले."

"जुना?" म्हणाली. माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "तुम्ही लिहिलेलं तसंच केलेलं मी, मॅडम."

मला वाटलं, बाजू सावरते आहे. माणूस सावरतोच. मी समजूतदारपणाने मान हलवली. नवा कंगवा काढून दिला. तिने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला, उलटा केला, सुलटा केला. "ठेवते," एवढंच म्हणाली आणि फळीवर ठेवला. पुडी तशीच माझ्यासमोर राहिली.

प्रज्ञा आतल्या दारात होती. पडदा ओढलेला, पण खालून पाय दिसत होते. मी हाक मारली. पाय हलले नाहीत. कल्पिता म्हणाली, "नको मॅडम. तिला वाटेल तेव्हा येईल ती बाहेर." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

दाखल्याचं विचारलं. "तिचे पप्पा बघतील," म्हणाली.

उवांचं सांगितलं नाही. परत येताना वाटेतल्या खाऱ्या पाण्याच्या खाजणापाशी गाडी थांबवून सांगून बघितलं, एकटीनेच. तिथे नीट जमलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

रत्नपाल सकाळी अर्ज देऊन गेले. मी वर्गात होते, बाहेर आले नाही. अर्जात कारण लिहिलंय – घरगुती. गुरुजी सोमवारी सही करणार.

"जाऊन आलात ना? काय बोललात?" गुरुजींनी विचारलं.

"माफी मागितली," मी म्हटलं. खोटं! तो शब्द मी काल उच्चारलाच नाही. गैरसमज म्हटलं, जरा म्हटलं, उगाच म्हटलं.

सई बाकावर एकटी बसते. शेजारची जागा रिकामी ठेवलीय, कुणाला बसू देत नाही. मधल्या सुट्टीत विहंग तिथे बसायला गेला तर म्हणाली, "इथे बसू नको, मला उवा आहेत." सगळ्यांसमोर. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

२७ डिसेंबर, शनिवार

सलिलने श्रीवर्धनहून औषध आणलं. दुपारी सईच्या डोक्याला लावलं. बाटलीवर लिहिलंय, कंगवा उकळत्या पाण्यात ठेवून घ्यावा. अल्पेशकडचा दुसरा हिरवा कंगवा पिशवीतून काढला, अगदी कोरा, आणि पातेल्यात टाकला. पाच मिनिटांनी चिमट्याने बाहेर घेतला.

दात वाकडेतिकडे. रंग विटून पांढरट.

सई केसांना टॉवेल गुंडाळून आली. ओट्याकडे बघून म्हणाली, "आई, प्रज्ञाचा कंगवा आपल्याकडे कसा?"

नवा होता तो. नवा आणि स्वच्छ. माझा मेसेज वाचून कल्पिताने नवा आणला, आणि बाई काही बोलू नयेत म्हणून उकळून दिला.

आणि परवा मी तिच्या घरी जाऊन तिला कंगवा देऊन आले.