पाचपैकी तीन

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम
डिसेंबर लागला आहे, तुरी शेंगेला आल्या आहेत

जिवाचा मित्र मुनाफ यास,

मेडशीहून देवमनचा जय भीम आणि सलाम, दोन्ही घे. हुस्नाबानो भाभींना आम्हा उभयतांचा नमस्कार सांग. भागिरथेने मुद्दाम लिहायला लावले आहे की त्यांनी मागे पाठवलेले लिंबाचे लोणचे संपले आणि बरणी धुऊन ठेवली आहे. (बरणी धुतल्याची बातमी कशासाठी कळवतात ते भाभींना समजेल.) तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाले आणि आता सुईत दोरा तू स्वतःच ओवतोस, हे ऐकून बरे वाटले. माझा खोकला आहे तिथेच आहे. थंडी पडली की मला मंगरूळपीरची आपली शाळा आठवते. खिडकीतून ऊन बाकावर यायचे, गुरुजी कविता चालीवर म्हणायचे, आणि तू माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपायचास. ती झोप तुला पुन्हा लागू नये म्हणून मुख्य गोष्ट आधीच लिहितो.

तुझा अशफाक रजेवर नाही. पार्सलच्या कंपनीने त्याचा आयडी बंद केला आहे, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा आहे. कारंज्याच्या मंतशाच्या घरचे लोक 'मुलगा कामाला आहे' एवढ्या एका गोष्टीवर लग्नाला राजी झाले आहेत, म्हणून त्याने तुम्हाला रजा सांगितली असावी. त्याला बोलू नकोस. हे माझ्या हातून झाले आहे, आणि हे लिहीत असताना निकाल यायचा आहे. पण कसे झाले ते क्रमाने वाचल्याशिवाय माझी बाजू तुझ्या ध्यानात यायची नाही.

आमच्या गल्लीत घरांना नंबर नाहीत. ग्रामपंचायतीने एकदा पत्र्याचे बिल्ले ठोकले होते, ते वादळात गेले. त्यामुळे इथला जो तो पार्सल मागवताना पत्त्यात माझे नाव घालतो. देवमन गुरुजींच्या घरासमोर, गुरुजींच्या मागे, गुरुजींच्या निंबाजवळ. (एकाने 'गुरुजी खोकलले की ऐकू येते ते घर' असेही लिहिले होते, आणि पार्सल बरोबर पोचले.) आता दिवसा गल्लीत कोण सापडणार? सगळे शेतात. वावरात फोनला रेंज नाही. तेव्हा अशफाक मालेगावहून मोटारसायकलवर येई आणि गल्लीचा सगळा माल माझ्या ओट्यावर ठेवी. साड्या, चपला, मिक्सरची भांडी, फवारणीचे पंप. लोक संध्याकाळी आपापले नेत. हळूहळू मला वाटू लागले की कंपनीत मीही आहे. पगार नव्हता, पण निवृत्त माणसाला कोणी आपली वाट पाहतो एवढे पुरते.

अशफाक दुपारी यायचा. डोक्याला रुमाल, पाठीवर त्याच्याहून मोठी बॅग. मी त्याला निंबाखाली बसवत असे. भागिरथा चहा टाकी, आणि चहा उकळेपर्यंत मी एक कविता म्हणत असे. शाळेतलीच, आपण पाठ केलेली. मुनाफ, तुझ्या पोराला कान आहे. तुला नव्हता, त्याला आहे. कुठे श्वास घ्यायचा ते त्याला न सांगता कळते. तो म्हणे, "चाचा, अजून चार गावं बाकी हायत." मी म्हणे, एक कडवे राहिले आहे, अर्धी कविता ऐकून उठणे बरे नाही. तो बसे. एक कडवे संपले की दुसरी कविता आपोआप आठवते, हा कवितांचा स्वभाव आहे, त्यात माझा दोष नाही. कधीकधी चहा दोनदा होई. ऊन निंबाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाई. पुढच्या गावांतले लोक त्याला फोन करत राहत आणि तो फोन उपडा ठेवी. (ही सभ्यता आजकाल कुठे आहे?)

आता ताऱ्यांकडे येतो. माल हातात पडला की मोबाईल विचारतो, सेवा कशी वाटली, आणि पाच रिकामे तारे दाखवतो. गल्लीतले लोक फोन माझ्या हातात देत, "गुर्जी, तुमीच मार्क द्या, तुमाले सवय हाय." मी देत असे. पाचपैकी तीन. सगळ्यांच्या फोनवरून तीन, माझ्याही फोनवरून तीन. तुला ठाऊक आहे, मराठीत पूर्ण गुण देऊ नयेत अशी आमची रीत होती. गणितात द्यावेत, गणित संपते. भाषा संपत नाही, आणि सेवेचेही तसेच आहे. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे पहिला वर्ग. एक गुण मी पुढच्या सुधारणेसाठी राखून ठेवला होता आणि एक कापला होता तो उशिरासाठी. कारण गल्लीत माल उशिरा मिळतो अशी कुरकुर होती. तो उशीर कुठे होत होता याचा विचार मी तेव्हा केला नाही, आणि केला असता तरी कापलेला गुण परत देण्याची आमची पद्धत नाही.

खाली शेरा लिहायला जागा असते. ती कोरी सोडणे मला जमेना, म्हणून मी दोन ओळी रचून लिहिल्या:

ऊन माथ्यावरी, धूळ वाटेवरी,
पाठीवरी ओझे, तरी येतो दारी.

इतके चांगले माझ्याकडून बऱ्याच वर्षांत झाले नव्हते. तेव्हा तेच मी सगळ्यांच्या फोनवर लिहीत गेलो.

मग मोतीबाईच्या पंपाचे झाले. मोतीबाई आमच्या मागच्या घरात राहते, एकटीच तूर पेरते, आणि तिच्याशी बोलताना मी अजूनही उभा राहतो. तिने फवारणीचा पंप मागवला होता. अशफाकने तो वेळेत आणला, मी माझ्या बाजेखाली सरकवला, त्या दिवशी आम्ही एका लांब कवितेत होतो, आणि पंप मी विसरलो. मोतीबाई रोज विचारी, मी रोज म्हणे, येईल. भागिरथेने झाडायला बाज उचलली तेव्हा तो निघाला. मोतीबाई खोके हातात घेऊन ओट्यापुढे उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "गुर्जी, अळ्या काई तुमची कविता आयकत बसल्या नाई. त्याईनं तूर खाल्ली." तिने स्वतःच्या बोटाने तारा दाबला. एकच. पण तो पडला अशफाकच्या नावावर. माझ्या नावाचे तारे कंपनी ठेवत नाही.

त्यानंतर अशफाक आला नाही. ऋषिकेश नावाचा दुसरा येऊ लागला. त्याच्याबद्दल वाईट लिहायचे नाही, तोही कोणाचा तरी मुलगा आहे. पण तो जमिनीला पाय लावत नाही. गाडी चालू ठेवतो, भिंतीवरून पार्सल टाकतो, त्याचा फोटो काढतो आणि धुरळा खाली बसायच्या आत फाट्याला लागलेला असतो. पहिले पार्सल भागिरथेच्या वाळत घातलेल्या मुगवड्यांवर पडले. मी हाक मारून चहाचे विचारले, तर त्याला वाटले माल परत करायचा आहे, आणि त्याने कंपनीचा फोन नंबर ओरडून सांगितला. या मुलाला गल्लीने पाच तारे दिले. मोतीबाईनेही दिले. मी कारण विचारले, तर म्हणाली, "तो बोलत नाई, हेच त्याचं चांगलं." मी त्या दिवशी जेवलो, पण चव लागली नाही.

मग एसटीने मालेगावला गेलो. तिथला मॅनेजर धम्मपाल हा माझाच विद्यार्थी निघाला. पाया पडला, खुर्ची दिली, आणि संगणक माझ्याकडे वळवला. "गुरुजी, आमच्याकडे चारच्या खाली नापास असते." मला वाटले तो गंमत करतो आहे. तो करत नव्हता. तीन म्हणजे नापास. माझी सगळी गल्ली मिळून अशफाकला रोज नापास करत होती, आणि पुढच्या गावांतले लोक उशिरामुळे एक-दोन देत होते. शेवटी त्याने माझ्या ओळी काढून दाखवल्या. यंत्राने त्या तक्रारीत घातल्या होत्या: माल उन्हात ठेवला, धूळ लागलेली, वजन जास्त. मी म्हणालो, अरे, ही स्तुती आहे. 'तरी' या शब्दावर सगळा भार आहे. धम्मपाल म्हणाला, "मी समजलो, गुरुजी. यंत्र तुमच्या वर्गात नव्हतं." मग खाली पाहून म्हणाला, "मलेबी तुमी पाचपैकी तीनच देत होते. बाबा म्हनत, पोट्टा अभ्यासच करत नाई." मी म्हणालो, तीन म्हणजे चांगले गुण होते रे. तो म्हणाला, "तुमी बाबाले सांगाले पायजे होतं."

एक वाट त्याने दाखवली. गल्लीतल्या लोकांनी येत्या सोमवारच्या आत जुने तारे बदलून चारच्या वर नेले, तर तो प्रकरण वरच्या साहेबांकडे पाठवील. त्यापुढे त्याच्या हातात काही नाही.

रविवारी सकाळी, लोक वावरात निघायच्या आधी, मी घरोघर गेलो आणि सगळ्यांना ओट्यावर बोलावले. काय झाले ते सांगितले. कोणी रागावले नाही, हसले मात्र सगळे, आणि हसत हसत फोन पुढे केले. मी एकेका फोनवर पाच दाबत गेलो. दुसऱ्याच्या वहीवर सही करावी तसे ते जमले. मोतीबाईने फोन दिला नाही. म्हणाली, "पोट्ट्याचा काई गुन्हा नाई, त्याले मी देतो पाच. पन तुमचे मार्क कोन देईन?" मी म्हणालो, तूच दे. ती जरा विचार करून सगळ्यांसमोर म्हणाली, "पाचपैकी एक. तोबी भागिरथाबाईच्या चहाचा." मुनाफ, मी इतकी वर्षे मुलांना गुण दिले. घेणाऱ्याला कसे वाटते ते मला ओट्यावर उभे राहून कळले. तिने अशफाकला पाच दिले आणि पंप पाठीला लावून निघून गेली.

राहिला माझा स्वतःचा फोन. चारवर बोट गेले आणि थांबले. भागिरथा दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आपल्या विनोदले तरी कदी पुरे देल्ले का तुमी? तो पुन्याहून फोन करते तं मलेच करते." चार दिले. चार म्हणजे पास आहे, आणि माझ्या हिशेबाने फार मोठी चढ आहे.

सोमवारी कळेल. सेवेबद्दल एवढेच म्हणेन की दोघांचीही सेवा मी पाहिली. एकाची उशिरा पोचे आणि दुसऱ्याची वेळेवर, आणि तरी घरात काही आले असे मला उशिराच्या सेवेनेच वाटे. हे धम्मपालला सांगितले असते, तर त्याने विचारले असते, याला किती तारे.

भाभींच्या आणि तुझ्या प्रकृतीला जपा. थंडीत मशीनवर बसताना पायावर शाल घेत जा.

तुझा,
देवमन

ता. क. पत्र टाकायचे राहिले होते ते बरेच झाले. धम्मपालचा फोन आला, साहेबांनी मान्य केले, अशफाकचा आयडी चालू झाला. मंतशाच्या घरी काही सांगायची गरज उरली नाही. फक्त त्याला दोनपैकी एक भाग निवडायचा आहे, मेडशीकडचा किंवा कारंज्याचा. आता खरे ते लिहितो, हे पत्र ज्यासाठी चालले होते. तू बाप आहेस, तुझा शब्द तो मोडणार नाही. त्याला मेडशी घ्यायला सांग. कारंज्याला बाजाराची गर्दी आहे, गल्ल्या अरुंद आहेत, चौथ्या मजल्यावर जिने चढून माल द्यावा लागतो. इथे मी त्याला उभ्या उभ्या चहा देईन आणि एकच कडवे म्हणेन. तेही लहान.

दुसरा ता. क. भागिरथेने वरचे वाचायला मागितले. वाचून म्हणाली, "पोट्ट्याची बायको कारंज्याले राहीन, आन तुमी त्याले इथं निंबाखाली बसोता? कायले? तुमाले आयकनारा पायजे म्हनून?" म्हणून पहिला ता. क. तू वाचला नाहीस असे समज. खोडला असता, पण अक्षर चांगले आले आहे. त्याला कारंजाच घेऊ दे. तिथले ग्राहक पहिल्या मजल्यावर राहत असतील अशी मी आशा करतो.

तिसरा ता. क. आज सकाळी मी माझे चार बदलून पाच केले. पूर्ण गुण देण्याची ही पहिली वेळ. एक गुण राखून ठेवायचा तो पुढच्या परीक्षेसाठी असतो, आणि हा मुलगा आता माझ्या वर्गात येणार नाही. अशफाकला मात्र सांगू नकोस. पूर्ण गुण मिळाले की पोरे पाठांतर सोडतात.